किती पाऊस झाला की घर सोडायचं?

मे महिना संपत आला की कोकणातल्या डोंगरपायथ्याच्या वाड्यांना तहसील कार्यालयाच्या नोटिसा येतात. आपले घर दरडप्रवण क्षेत्रात आहे, अतिवृष्टीच्या काळात सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, असा त्यातल्या मजकुराचा अर्थ. तलाठी किंवा पोलीस पाटील सही घेऊन जातात आणि कागद दारामागच्या खिळ्याला अडकतो. मग घरातलं कुणीतरी जुनंजाणतं माणूस विचारतं, अतिवृष्टी म्हणजे किती? आषाढात इथे रोजच धो धो कोसळतो. नेमका किती झाला की उठायचं?

प्रश्न अगदी रास्त आहे आणि नोटिशीत त्याचं उत्तर नसतं. सगळ्या घरांना लागू पडेल असा एकच आकडा कुणी देऊ शकत नाही, हेही खरं. पण एका घरापुरतं उत्तर काढता येतं, आणि ते घरच्यांनाच काढावं लागतं. त्यासाठी पाऊस मोजायचा कसा, डोंगर सुटतो कसा आणि ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांत काय दडलंय, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. उदाहरणासाठी आपण रायगड जिल्ह्यातला महाड तालुका घेऊ. डोंगर, नदी आणि खाडी अशी तिन्ही संकटं तिथे एकाच वेळी दारात येतात.

१. महाड कुठे बसलंय?

नकाशावर महाबळेश्वर आणि महाड यांच्यामध्ये पट्टी ठेवली तर अंतर जेमतेम तीस किलोमीटर भरतं. एवढ्या अंतरात जमीन तेराशे मीटरहून अधिक खाली उतरते. महाबळेश्वरच्या पश्चिम उताराचं पाणी सावित्रीतून पोलादपूरमार्गे खाली येतं. काळ आणि गांधारी या नद्याही महाडच्या आसपास तिला येऊन मिळतात. पुढे दासगाववरून हे सगळं पाणी बाणकोटच्या खाडीत जातं. म्हणजे वर देशातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आणि खाली भरती-ओहोटीची खाडी. महाड या दोहोंच्या मध्ये सापडलंय.

२००५ च्या जुलैअखेरीस, मुंबई बुडाली त्याच दिवसांत, महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडीवते इथे दरडी कोसळल्या. मुंबईच्या बातम्यांखाली ही गावं काही दिवस जणू झाकलीच गेली. नंतर २२ जुलै २०२१ ला महाड शहराचे तळमजले पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी दुपारी तळिये गावातल्या वाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. शेजारच्या पोलादपूर तालुक्यातही दरडी पडल्या, चिपळूण पाण्याखाली होतं. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली.

तळियेला मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. पथकांनी दिरंगाई केली असं नव्हे. रस्ते पाण्याखाली होते, वाटेत दरडी होत्या आणि फोन लागत नव्हते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पुण्याजवळची तुकडी असो किंवा जिल्ह्याची यंत्रणा, ती ज्या रस्त्याने येणार तो रस्ताही त्याच पावसात सापडलेला असतो. म्हणून डोंगराळ तालुक्यातल्या प्रत्येक घराने पहिली रात्र आपली आपल्यालाच काढायची आहे असं धरून चालावं. या प्रकरणातलं बाकी सगळं याच एका गोष्टीवरून ठरतं.

२. मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

बातम्यांत ‘दोनशे मिलिमीटर’ ऐकलं की डोळ्यांसमोर काहीच येत नाही. खरं तर हिशेब फार सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं.

तुमच्या घराचं छप्पर दहा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद आहे असं समजा. ऐंशी चौरस मीटर झालं. दोनशे मिलिमीटर पावसात त्यावरून सोळा हजार लिटर पाणी पागोळ्यांतून खाली येतं. आता घरामागच्या उताराचा एक हेक्टर धरा, म्हणजे अडीच एकर. तिथे त्याच पावसाने वीस लाख लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर एका दिवसात उतारावर रिकामे केले, तर जेवढं होईल तेवढं. त्यातलं काही वहाळातून वाहून जातं, काही मातीत मुरतं. दरडीच्या दृष्टीने मुरणारं पाणी जास्त धोक्याचं असतं, पण ते पुढे पाहू.

हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा मोजतं. ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. इशाऱ्यांचे रंग मात्र निव्वळ पावसाचे नसतात, त्यातून काय करायचं ते सांगितलेलं असतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. शिवाय हा इशारा बहुतेक वेळा अख्ख्या जिल्ह्याचा असतो. अलिबागच्या किनाऱ्याला आणि वरंध घाटाखालच्या वाडीला एकच रंग मिळतो, पण पाऊस काही एकसारखा पडत नाही.

म्हणून घरचं पर्जन्यमापक हवं. त्याला खर्च नाही. सरळ उभ्या कडांचा, वरखाली एकाच मापाचा पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा घ्या, निमुळता नको. झाड, छप्पर, तारा यांच्यापासून दूर, उघड्यावर दगडांच्या आधाराने घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला शाळेतल्या पट्टीने आतल्या पाण्याची उंची मोजा, कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहा आणि डबा रिकामा करा. वीस सेंटिमीटर भरलं तर दोनशे मिलिमीटर. फार कोसळत असेल तर संध्याकाळीही मोजा, आणि डबा पुरेसा उंच घ्या, नाहीतर नेमका महत्त्वाच्या दिवशी तो ओसंडून जाईल. सातवी-आठवीतल्या मुलाला हे काम द्यावं, मुलं ते आपल्यापेक्षा नेमाने करतात. दोन पावसाळ्यांच्या नोंदी हाती आल्या की आपल्या वाडीत नेहमीचा पाऊस कुठे संपतो आणि वेगळा कुठे सुरू होतो हे दिसायला लागतं.

३. ‘शंभर वर्षांतून एकदा’

२००५ चा पूर पाहिलेली माणसं २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत म्हणत होती, असा पूर आता आपल्या हयातीत पुन्हा येणार नाही. २०२१ मध्ये तिथे पुन्हा पाणी आलं. मग लोक विचारतात, शंभर वर्षांचा पूर इतक्या लवकर पुन्हा कसा येतो?

नदीकाठी जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची पातळी, तांबडी रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. हे शब्द वेळापत्रकासारखे कानावर पडतात आणि घोटाळा तिथेच होतो. त्यांचा खरा अर्थ असा की कुठल्याही एका वर्षी तांबड्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता शंभरात एक आहे. यंदा पूर येऊन गेला तरी पुढच्या वर्षी ती पुन्हा शंभरात एकच. गेल्या वर्षी काय झालं ते नदीच्या लक्षात नसतं.

आता निळ्या रेषेचं गणित करून पाहू. वर्षाला पंचवीसात एक, म्हणजे चार टक्के. एखाद्याने या रेषेवर घर बांधलं आणि वीस वर्षांचं कर्ज काढलं. एक वर्ष कोरडं जाण्याची शक्यता ९६ टक्के. सलग दोन वर्षं कोरडी जाण्याची शक्यता ०.९६ गुणिले ०.९६, म्हणजे ९२ टक्के. असं वीस वेळा गुणत गेलं की उरतात ४४ टक्के. म्हणजे कर्ज फिटण्याआधी एकदा तरी घरात पाणी शिरण्याची शक्यता ५६ टक्के, निम्म्याहून जास्त. तांबड्या रेषेवरच्या घराचा हाच हिशेब तीस वर्षांसाठी केला तर २६ टक्के येतात, साधारण चारात एक. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून निर्धास्त झालेल्या माणसाला हा आकडा बराच मोठा वाटेल.

आणखी एक अडचण आहे. या रेषा जुन्या पावसाच्या आणि जुन्या नदीपात्राच्या आधारावर आखलेल्या असतात. पात्रात गाळ साचला, भराव पडले, पावसाची तऱ्हा बदलली की त्याच पाण्याला जागा कमी पडते. त्यामुळे रेषेच्या पलीकडचं घर सुरक्षित असं समजू नये. त्याला धोका कमी आहे, एवढंच.

४. डोंगर का सुटतो?

सह्याद्रीचा कातळ बसाल्टचा, टणक. त्यावर माती, मुरूम, सुटे धोंडे आणि कुठे कुठे जांभा यांचा थर असतो. उतारावरचा हा थर जागच्या जागी टिकतो तो कणांच्या आपसातल्या घर्षणामुळे. कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात म्हणून ते घसरत नाहीत.

पाऊस मुरत गेला की कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात. खाली कातळ असल्यामुळे पाणी झटकन खाली जाऊ शकत नाही, साचत जातं आणि साचलेल्या पाण्याचा दाब वाढतो. हा दाब कणांना एकमेकांपासून किंचित उचलतो. गरम पाण्याने विसळलेला स्टीलचा पेला ओल्या ओट्यावर पालथा घातला की कधी कधी तो कुणी हात न लावता आपोआप सरकतो, हे स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पेल्यात कोंडलेली हवा तापून फुगते, पेल्याचा भार थोडा उचलते आणि ओट्याची पकड सुटते. डोंगरात हवेच्या जागी कोंडलेलं पाणी असतं. माती भिजून जड झालेली असतेच, तशात तिची खालची पकडही ढिली होते.

यातून तीन गोष्टी कळतात. पहिली, एका सरीने सहसा दरड येत नाही. आधीच्या दिवसांच्या पावसाने मातीचं पोट भरलेलं असावं लागतं आणि वर जोराचा पाऊस पडावा लागतो. इरशाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, त्याआधीच्या तीन दिवसांत तिथे सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस झाला होता. म्हणून आजचा आकडा एकटा पाहू नये, तीन दिवसांची बेरीज पाहावी. दुसरी, पाऊस थांबला म्हणजे धोका लगेच संपला असं नाही, मुरलेलं पाणी हळूहळूच उतरतं. तिसरी, उताराशी माणसाने केलेली छेडछाड इथे नडते. घरासाठी पायथा उभा कापला, रस्त्यासाठी डोंगराची बूड तोडली, वर सपाटी करून पाणी अडवलं, वहाळाची वाट बुजवली, की तोच डोंगर कमी पावसात सुटू शकतो.

सुटण्याआधी डोंगर बऱ्याचदा खुणा देतो. घराच्या वरच्या अंगाला जमिनीत चंद्रकोरीसारखी भेग पडते. सरळ उभं झाड किंवा विजेचा खांब कलतो. दार अचानक चौकटीत अडकायला लागतं, जोत्याला किंवा भिंतीला नवी तड जाते. कधी नव्हे तिथे झरा फुटतो, नितळ झऱ्याला गढूळ पाणी येतं. सगळ्यांत वाईट खूण म्हणजे भर पावसात घराशेजारच्या वहाळाचं पाणी एकाएकी कमी होणं. पाऊस चालू आहे आणि पाणी आटलं, याचा अर्थ वर कुठेतरी ते अडलंय. ते सुटेल तेव्हा चिखल आणि धोंडे घेऊन सुटेल. हे दिसलं तर ‘अरे, पाणी उतरलं’ म्हणून पाहायला जाऊ नये, तिथून आडव्या दिशेला निघावं.

खुणा दिल्याशिवाय सुटणारे डोंगरही असतात. शिवाय रात्री, मुसळधार पावसात, वीज गेलेली असताना वरच्या माळावरची भेग कोण पाहणार? खुणांवर सगळी भिस्त ठेवता येत नाही ती यामुळे.

५. वरचं पाणी आणि खालची भरती

नदीकाठच्या घराला दरडीपेक्षा पुराचा धोका जास्त. महाडच्या पुरात पाऊस अर्धीच गोष्ट सांगतो, उरलेली अर्धी खाडी सांगते. वरून लोंढा येत असताना खाली भरती असेल तर पाण्याला समुद्राकडे वाट मिळत नाही, ते गावात पसरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या भरत्या असतात, तेव्हा हे आणखी बिघडतं. २२ जुलै २०२१ ला गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती.

भरतीची ढोबळ वेळ काढायची किनाऱ्यावरच्या माणसांची एक जुनी रीत आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. २२ जुलैला आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट म्हणजे पावणेदहा. सकाळी आणि रात्री पावणेदहाच्या सुमाराला किनाऱ्यावर पूर्ण भरती. प्रत्यक्षात तासाभराचा फरक पडतो आणि खाडीतून आत यायला भरतीला आणखी वेळ लागतो, त्यामुळे नेमक्या वेळेसाठी छापील भरती-ओहोटीचं कोष्टकच पाहावं. पण कोष्टक हाती नसताना आणि फोन बंद असताना दिनदर्शिकेवरून अंदाज बांधायला ही रीत पुरते.

त्याचा उपयोग असा. ओहोटीच्या वेळी नदीचं पाणी चढत असेल तर ते निव्वळ वरून येणारं पाणी आहे, आणि सहा तासांनी भरतीला ते आणखी चढेल. असं दिसलं तर सामान वर चढवण्यात वेळ घालवू नये, माणसं हलवावीत. भरतीच्या वेळी चढलेलं पाणी ओहोटीबरोबर हटायला लागलं, तर थोडी उसंत आहे.

वाहत्या पाण्याच्या जोराबद्दल मात्र कुणीच अंदाज बांधू नये, तो हमखास चुकतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर वाहतं पाणी धट्ट्याकट्ट्या माणसाचे पाय उचलतं. मोटारगाडीचं तर त्याहून हलकं काम, कारण ती तरंगायला लागते. साकवावरून पाणी चाललेलं असताना साकव जागेवर आहे की वाहून गेला हे वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल गेला आणि दोन एसटी गाड्या पुरात गेल्या.

६. यादीत नाव नसलेली गावं

दरडप्रवण गावांच्या सरकारी याद्या असतात. भूवैज्ञानिक पाहणी करून त्या तयार करतात आणि त्यांचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण इरशाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, हे दुर्घटनेनंतर सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. यादी गावाच्या पातळीवर बनते, संकट मात्र घराच्या पातळीवर येतं. एकाच वाडीत टेपावरचं घर सुरक्षित असतं आणि वहाळाच्या तोंडाशी असलेलं धोक्यात, दोघांत अंतर पन्नास पावलांचं.

तेव्हा ऊन असताना एकदा आपल्या घराभोवती फिरून या. घरामागचा उतार किती उभा आहे? तो कुणी कापलाय का? वरून येणारा वहाळ कुठे वळतो आणि समजा वळला नाही तर सरळ कुठे येईल? अंगणात मोठमोठे गोल धोंडे मातीत रुतलेले दिसतात का? ते कधीतरी वरूनच आलेले असणार. गावातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला विचारा की पाणी कुठपर्यंत आलेलं त्याने पाहिलंय, आणि त्याच्या आजोबांनी काय सांगितलं होतं. हे सगळं करायला एक सकाळ लागते.

७. मग किती पावसाला उठायचं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पुढे देतो तो आकडा शास्त्राने तुमच्या डोंगरासाठी काढलेला नाही, घराने आपल्यासाठी आखून घ्यायची ती सावधगिरीची रेषा आहे. उभ्या उताराखालचं किंवा वहाळाच्या तोंडाशी असलेलं घर आहे असं धरू. हवामान खात्याची ‘अत्यंत मुसळधार’ची पायरी, म्हणजे चोवीस तासांत सुमारे दोनशे मिलिमीटर, ही माझ्या मते अशा घराची रेषा असावी. डब्यात सकाळी वीस सेंटिमीटर दिसले आणि पाऊस चालूच आहे, तर त्या रात्री त्या घरात झोपायचं नाही. आदल्या दोन दिवसांत भरपूर पाऊस झालेला असेल तर रेषा आणखी खाली आणायची. वर सांगितलेल्या खुणांपैकी एक जरी दिसली तर डब्याकडे पाहायचंच नाही, उठायचं.

आणि उठायचं ते दिवे लागायच्या आत. तळियेची दरड दुपारी आली, २०१४ च्या जुलैअखेर माळीणवर डोंगर आला तो सकाळी, इरशाळवाडीवर रात्री. म्हणजे दरडीला वेळकाळ नाही. पण झोपलेल्या माणसाला आवाज कळत नाही आणि अंधारात ओल्या पायवाटेवरून म्हाताऱ्या माणसांना नेणं हेच एक वेगळं संकट असतं.

इथे लोक एक आक्षेप घेतात आणि तो खरा आहे. असं म्हणून आम्ही चार वेळा उठलो, काहीच झालं नाही. होणारच असं. समजा एका पावसाळ्यात पाच रात्री तुम्ही दुसऱ्याच्या पडवीत काढल्या. वीस वर्षांत शंभर रात्री झाल्या. त्यातल्या नव्व्याण्णव वाया गेल्या असं वाटेल. त्यांची किंमत अंगदुखी, गैरसोय आणि भावकीतली थोडी थट्टा एवढी. शंभराव्या रात्रीची किंमत दुसऱ्या पारड्यात घालून पाहा आणि मग त्या वाया गेल्या का ते ठरवा.

लोक उठत नाहीत ते मात्र हट्टापायी नव्हे. गोठ्यात गुरं असतात, कणगीत वर्षाचं भात असतं. शाळेच्या वर्गात पन्नास माणसांना एक शौचालय असतं, त्यामुळे बायका तिथे जायला नाखूश असतात. प्रशासनाने आणि गावाने सोडवायचे प्रश्न हे आहेत. ‘जनजागृती’चे फलक लावून ते सुटत नाहीत. घरापुरतं बोलायचं तर पावसाळ्याआधीच कुणाच्या घरी जायचं ते ठरवून, त्यांना विचारून ठेवावं. ते घर डोंगराच्या सोंडेवर किंवा मोकळ्या सपाटीवर असावं, वहाळापासून लांब. तिथे जाणारी वाट साकव किंवा ओढा ओलांडणारी नसावी. शाळा किंवा देऊळ निवडायचं असेल तर ती इमारतही उताराखाली नाही ना, हे आधी पाहावं. गुरांना सकाळपासूनच वर न्यावं, आणि ते जमलं नाही तर निघताना दावी सोडावीत. मोकळं जनावर बऱ्याचदा स्वतःला वाचवतं, दावणीला बांधलेलं वाचत नाही.

महाड-पोलादपूरच्या कितीतरी घरांत जुलैमध्ये कर्ती माणसं मुंबई-पुण्याला असतात आणि गावी म्हातारी माणसं राहतात. चाकरमानी गणपतीला येतात, दरडीचा धोका त्याआधीच येऊन उभा राहतो. अशा घरात ‘मुलगा फोन करेल तेव्हा निघू’ ही योजना कामाची नाही, कारण फोन आधी बंद पडतो. उठायचा निर्णय गावात असलेल्या माणसाकडेच हवा, मग ती सत्तरीची आजी का असेना. मुलाने मे महिन्यात सुट्टीवर आल्यावर तसं स्पष्ट सांगून जावं: आई, डबा भरला की मला विचारू नकोस, थेट काकांकडे जा.

निघणं जमलंच नाही तर डोंगराच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत, माडी पक्की असेल तर माडीवर राहावं. मागच्या, डोंगराकडच्या खोलीत कुणीही झोपू नये.

८. बरोबर काय न्यायचं

सरकारी पत्रकांत ही यादी सगळ्यांत आधी असते. मी ती मुद्दाम मागे ठेवली, कारण पिशवी भरून तयार आहे आणि निघायचं कधी ते ठरलेलंच नाही, अशी घरंच जास्त दिसतात.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा. पाच माणसं, तीन दिवस, म्हणजे साठ लिटर, वीस लिटरचे तीन कॅन. ते आधीच त्या ठरलेल्या घरी नेऊन ठेवावेत, रात्री डोक्यावरून न्यायची ती वस्तू नव्हे. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या आठवडाभराच्या. बॅटरी, चार्ज केलेली पॉवर बँक आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी. ढिगाऱ्याखाली अडकलेल्याचा आवाज काही वेळात बसतो, शिट्टी वाजत राहते. रेशनकार्ड, बँकेची पुस्तकं, आधार एका जाड प्लॅस्टिक पिशवीत. सातबारा ऑनलाइन पुन्हा मिळतो, बाकी कागदांचे फोटो काढून शहरातल्या नातेवाइकाला पाठवून ठेवावेत. निघताना विजेचा मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद. इन्व्हर्टर विसरतो, तोही बंद करावा.

मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७, राज्याच्या कक्षाला १०७०. हे आकडे भिंतीवर खडूने लिहिले तर उत्तम. विजा चमकत असताना शेतात असाल तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजेची आगाऊ सूचना देतं. चक्रीवादळाचं तंत्र वेगळं. ३ जून २०२० ला आलेल्या निसर्ग वादळानंतर रायगडातल्या अनेक गावांत वीज यायला आठवडे लागले. त्यासाठी पत्र्यांचे हूक मे महिन्यातच घट्ट करावेत आणि घरावर झुकलेल्या फांद्या उतरवून घ्याव्यात.

९. पाणी ओसरल्यावर

पाणी गेलं की सगळे आधी झाडू हातात घेतात. जरा थांबावं. ओल्या घरात वीज सुरू करण्याआधी वायरमनला दाखवावं. भांडी, कपडे, लाकडं उचलताना हाताने चाचपू नये, काठीने हलवावं, कारण पुराच्या पाण्यातून साप कोरडी जागा शोधत घरात आलेले असतात. साप चावला तर मांत्रिक नको, आवळपट्टी नको, थेट ग्रामीण रुग्णालय. चिखलात अनवाणी फिरू नये. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो पायाच्या भेगांतून शिरतो. आठ-दहा दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यात उतरलो होतो’ हे सांगावं. विहिरीत टीसीएल पावडर टाकली का ते ग्रामपंचायतीत विचारावं आणि तोवर पाणी उकळून प्यावं.

आणि चिखल काढण्याआधी फोटो. पडलेली भिंत, भिजलेलं भात, मेलेलं जनावर आणि त्याच्या कानातला बिल्ला, सगळं तसंच असताना टिपून ठेवावं. पंचनाम्याला तलाठी आणि ग्रामसेवक दोन-चार दिवसांनी येतात, तोवर घर धुऊन स्वच्छ झालेलं असतं आणि नुकसान दाखवायला काही उरत नाही. भिंतीवर पाण्याने ओढलेली मातकट रेषाही पुसण्याआधी मोजावी. जमिनीपासून किती फूट, कुठली तारीख, हे खिळ्याने कोरून ठेवावं. पुढच्या वेळी फळी ठोकताना आणि माळा बांधताना त्या रेषेच्या हातभर वरती बांधायचा.